साहेबांसाठी एक शब्द

शके १८९४, माघ वद्य पंचमीस, गुरुवारी दुपारी, बीड तालुक्यात चौसाळ्यापासून दोन कोसांवर असलेल्या माळेवाडीच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा गोदामासमोरच्या लिंबाखाली भरली. सभेपुढे विषय एकच होता: सोसायटीच्या विहिरीजवळचा जनावरांचा हौद पावसाळ्यापर्यंत बंद ठेवावा, आणि विहिरीत जे काही पाणी उरले आहे ते चेअरमन बबनरावांची मोसंबीची बाग जगवण्यासाठी द्यावे.

ठराव सचिव गहिनीनाथ मास्तरांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. यात कपट नव्हते. रीतच तशी होती. माळेवाडीत ठराव आधी लिहिला जाई, सभा नंतर भरे, आणि लग्नपत्रिकेवर गणपती असावा तसे प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द असत. सूचक चेअरमनच्या भावकीतला आणि अनुमोदक सचिवाच्या घरातला, हेही ठरलेले. मास्तरांच्या घरात आता एकच सभासद होती. थोरला भाऊ उत्तरेश्वर आषाढात वारला आणि त्याचा शेअर त्याच्या बायकोच्या नावावर चढला. तेव्हा मास्तरांचा हात सवयीने चालला आणि त्याने लिहिले: अनुमोदक, दगडाबाई उत्तरेश्वर. वहिनीला विचारावे, असे त्यांच्या मनात आले नाही. भाऊ गेल्यापासून त्यांच्या मनात फारसे काही येतच नसे. ते बबनरावांनी काढलेल्या शाळेत जात, फळ्यावर लिहीत, दोन्ही वेळा वहिनीच्या चुलीपुढे बसून भाकरी खात, आणि कोणी काही सांगितले तर ते करीत. भावाला अग्नी देताना त्यांना रडू आले नव्हते. ते पुढे कधीतरी येईल असे त्यांनी धरले होते; ते आले नाही.

ठराव वाचून झाला. गोदामाच्या पायरीवर बसलेली दगडाबाई उठून उभी राहिली.

“कुनाचं नाव घेतलं?”

“तुमचंच की, वैनी,” बबनराव हसून म्हणाले. “मान हाय तो. बसा खाली.”

“म्या तर काईच म्हनलं न्हाई.”

“अनुमोदन म्हनायचं नसतंय, वैनी. नुस्तं लिवायचं असतंय.”

सभा खो खो हसली. दगडाबाई हसणे संपेपर्यंत थांबली.

“मग ज्यानं लिवलं त्यानं आपलं नाव घालावं. माझे बैल रोज त्या हौदावर पेतेत. हौद बंद करा म्हनून म्या कावून सांगंन?”

“साऱ्या गावाचं हो आलं, आन् तुमचं एकटीचंच आडलं व्हय?” शहादेव म्हणाला. त्याने आपली जनावरे कधीच विकून टाकली होती, आणि आता तो दुष्काळी कामावर खडी फोडीत असे. त्या कामाची हजेरी बबनरावांचा पुतण्या मांडी.

“गावानं बैल इकले. म्या इकले न्हाईत. खोडा माझं नाव.”

नाव खोडणे सोपे नव्हते. दुष्काळी कामांवर नेमलेल्या साहेबांचा हुकूम होता की, कोणत्याही गावात जनावरांचे पाणी बंद करायचे असेल तर सोसायटीच्या प्रत्येक सभासदाची संमती हवी. एकही नकार असला तर हौद चालू राहील. म्हणजे दगडाबाईचा नकार टिकला तर तिचे दोन बैल जगणार होते आणि बबनरावांची बाग वाळणार होती. तो मोडला तर उलट.

दुसऱ्या दिवशी बबनराव शाळेच्या ओसरीवर येऊन बसले.

“मास्तर, साहेब दक्षिनेकडचा हाय. मराठी बोललेली कळती त्याला, वाचता येत न्हाई. इंग्रजीत लिवा. बाईनं आधी अनुमोदन दिलं आन् मागून निस्त्या हट्टानं फिरली. असला नकार धरू नये.”

“लिहितो.”

“आन् हट्टी म्हनाया चांगला दांडगा शब्द घाला.”

“ऑब्स्टिनेट आहे.”

“हॅत्! ऑब्स्टिनेट तर माझ्या पोरालाबी येतंय. साहेबानं वाचून मान डोलवावी असा बघा.”

मास्तरांनी कपाटातला जुना कोश काढला. अंबाजोगाईला शिकत असताना त्यांनी तो रद्दीवाल्याकडून घेतला होता. ऑब्स्टिनेटपासून ते मागे सरकले, आणि थोड्याच वेळात त्यांना शब्द सापडला: ऑब्ड्युरेट. हा शब्द त्यांना माहीत नव्हता. त्यांनी तो तोंडात घोळवला. ‘ब्’वर जीभ अडखळे, म्हणून दोनदा, तीनदा म्हटला. मग कोशातला अर्थ वाचला. नुसता हट्टी नव्हे. ज्याचे अंतःकरण कठीण झाले आहे, दया, विनवणी, दुःख यांपैकी कशानेही जे हलत नाही, असा.

मास्तर शब्दाच्या बाबतीत काटेकोर होते. वहिनीला हा शब्द लागू पडतो का, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्याला घालावा तसा स्वतःला घातला. रोज संध्याकाळी बैल पाणी पिऊन वर मान करीपर्यंत ही बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत उभी राहते. पाणी खाली गेल्यापासून ती स्वतः अर्ध्या तांब्यात तोंड धुते. अंतःकरण कठीण झाल्याची ही लक्षणे नव्हेत. लक्षणे ज्याच्याशी जुळत होती तो माणूस कोश मांडीवर घेऊन ओसरीवर बसला होता. हे त्यांना स्पष्ट दिसले. दिसले आणि त्याचे काही झाले नाही. बबनरावांच्या शाळेतली नोकरी जाईल अशी भीतीसुद्धा वाटली नाही. वाटली असती तर निदान कारण तरी सांगता आले असते. कागद पुढे होता, दौत भरलेली होती. त्यांनी वळणदार अक्षरात तो शब्द लिहिला.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना दगडाबाईने विचारले, “काय लिवलं माझ्यावर?”

“ऑब्ड्युरेट.”

“म्हंजी?”

“हट्टी. दगडाच्या काळजाची.”

“नाव तसंच ठिवलंय मायबापानं, इंग्रजी कशाला?” ती म्हणाली, आणि परातीत पुढची भाकरी थापू लागली. थोड्या वेळाने तव्याकडे पाहत म्हणाली, “भावजी, म्या हट्ट धरला न्हाई. म्हनलं न्हाई, ते म्हनलं न्हाई. तुमाला तर म्हाईत हाय.”

“माहीत आहे.”

“मग साहेबाला तेवढं सांगा. लई न्हाई मागत.”

मास्तरांनी वरण कालवले.  

साहेब मंगळवारी जीपमधून आले. विहिरीत डोकावले, हौदाच्या काठावर टेकले आणि पत्र उघडले. मध्येच थांबून त्यांनी वर पाहिले.

“हा शब्द कोणी लिहिला?”

“आमच्या मास्तरांनी,” बबनराव पुढे होऊन म्हणाले.

“छान. कॉलेज सोडल्यावर आज वाचला.” साहेबांनी खरोखरच मान डोलवली. मग दगडाबाईकडे वळून तुटक मराठीत विचारले, “बाई, तुम्ही आधी हो म्हटले?”

“न्हाई, साहेब. माझं नाव मला न इचारता घातलं. हे माझे दीर हायेत, त्यांनीच लिवलंय. त्यांनाच इचारा.”

साहेब मास्तरांकडे पाहू लागले. “बाईंनी सभेत अनुमोदन दिलं होतं?”

“ठरावात तसं आहे, साहेब.”

“ठराव मला वाचून दाखवला आहे. मी तुम्हाला विचारतो.”

 दोन बैल पाण्यात तोंड घालून पीत होते, तेवढाच आवाज. मास्तरांनी आत कुठे काही हलते का, म्हणून प्रामाणिकपणे वाट पाहिली. एखाद्या रिकाम्या वर्गाच्या दारात उभे राहावे तसे वाटले. बाके होती, फळा होता, पोर एकही नव्हते. नाही म्हणायला त्यांना कोणी अडवीत नव्हते. होय म्हणायला कोणी भागही पाडीत नव्हते.

“दिलं होतं,” ते म्हणाले.

साहेबांनी पत्राच्या पाठीवर दोन ओळी लिहून सही केली. बबनरावांनी जीपमध्ये मोसंबीची पाटी ठेवायला माणूस पाठवला. साहेबांनी ती परत केली. जीप मांजरसुंब्याच्या दिशेने गेली. उन्हे उतरायच्या आत बबनरावांच्या गड्यांनी हौदाच्या तोटीला लाकडी गुडदी ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दगडाबाई बैल घेऊन नेकनूरच्या बाजाराला निघाली. दिवस मावळता परत आली तेव्हा तिच्या हातात नुसती बैलांची दावी होती. तिने ती खुंटीला अडकवली, हात धुतले आणि चूल पेटवली. मास्तर रोजच्या जागी येऊन बसले. तिने ताट मांडले, भाकरी वाढली, वर तेलचटणी घातली. मास्तरांनी पहिला घास मोडला, आणि तो तोंडाकडे नेत असताना ती अगदी साध्या आवाजात, जसा उद्याचा स्वयंपाक सांगावा तशी, म्हणाली:

“आजची खावा. उद्यापासून या घरात तुमची भाकरी न्हाई, भावजी.”