एका ओळीचं काम

पहिल्याच ठोशात कॉम्प्युटरवाल्याचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो खुर्चीसकट आडवा झाला. मारणारा परका नव्हता, बायकोचा थोरला भाऊ होता. आजवर ‘या जावईबापू, बसा’ म्हणणारा दादा आता सरळ अरेतुरेवर आला होता.

“माझ्या भावाची चार बोटं खाल्लीस, नालायका!”

खोटं काय होतं त्यात? कारखान्यातल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पत्रा कापायच्या प्रेसचा वेग यानेच परवा कमी केला होता, धाकट्या मेहुण्याचा हात वेळेत निघावा म्हणून. पडद्यावरच्या टर्मिनलच्या खिडकीत आकडा टाकला, प्रेस मुकाट हळू चालली, हा गडी खूश होऊन घरी गेला. पण असा टाकलेला आकडा ती खिडकी उघडी असेपर्यंतच टिकतो. कायमचा हवा तर कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. ‘उद्या लिहू,’ म्हणाला हा शहाणा! आज सकाळी वीज गेली, आली, कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला आणि प्रेस जुन्याच वेगाने खाली आली. धाकट्याला दवाखान्यात नेलं, बोटं हातमोज्यातच राहिली.

दादाने त्याला कॉलर धरून उठवलं आणि भिंतीवर आपटलं. तेवढ्यात दारातून मालक दादावर खेकसला, “तमाशा पुरे! प्रेस पुसून झालीय, पाच मिनिटांत सुरू करा. भावाच्या जागी तू उभा राहा, नाहीतर दोघा भावांची नोकरी गेली समज.”

वेग अजून जुनाच होता.

“दादा, आधी मला लिहू द्या!”

“काय लिहितोस, माझं कपाळ?” दादाचा गुडघा पोटात बसला. तो कळवळला, तरी सरपटत टेबलापाशी गेला. पाठीत लाथा पडतच होत्या. ओठातलं रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं, बोटं घसरत होती. त्याने फाइल उघडली, वेगाची ओळ लिहिली, सेव्ह केली. खिडकी बंद केली, नवी उघडली आणि आकडा विचारला.

बारा. मिनिटाला बाराच घाव.

“आता कितीही वेळा वीज जाऊ दे,” तो धापा टाकत म्हणाला. “तुमचा हात निघेल.”

दादाची लाथ थांबली. तो पडद्याकडे बघत राहिला.

“एवढंच होतं?”

“एक ओळ.”

“किती वेळ लागला?”

“अर्धं मिनिट.”

दादा ढसाढसा रडायला लागला आणि रडता रडताच त्याने पुन्हा मूठ आवळली. कॉम्प्युटरवाल्याने तोंडासमोर हात धरला नाही.