बिनफिल्टरचा फोटो

मनीषनगरात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या दीक्षाने एक जुना कॅमेरा केवळ हौसेपोटी घेतला होता. त्याच्या सेन्सरवरची काच आधीच्या मालकाने काढून टाकली होती. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ती काच अडवते. ती नसली की फोटोत झाडांची पानं फिकट गुलाबी येतात, आणि दीक्षाला तेच वेड होतं. साधे फोटो काढायचे असले की ती लेन्सवर त्याच कामाचा फिल्टर चढवायची.

रामदासपेठेतल्या सिंधूताईंची सून श्वेता, तिची पहिली संक्रांत होती. तिथे फोटो काढायला गेलेल्या दीक्षाचा नेहमीचा कॅमेरा ऐन वेळी बंद पडला. तिने हा बाहेर काढला, पण गडबडीत फिल्टर राहिला. पडद्यावर सगळं जरा तांबूस दिसत होतं, ते तिने हॅलोजनच्या माथी मारलं.

सिंधूताईंनी स्वतःला आणि सुनेला एकाच दुकानातून, एकाच प्रतीच्या काळ्या रेशमी साड्या आणल्या होत्या. खरोखरच आणल्या होत्या, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला त्यांनी ते वाणाबरोबर ऐकवलं होतं. त्यांचा मुलगा सुशील याने फोटो तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकले. सासूची साडी काळीभोर आली होती. सुनेची वांग्याच्या रंगाची.

श्वेताने तो फोटो माहेरी पाठवला. तिची आई सत्यवतीबाई दुसऱ्याच दिवशी येऊन बसल्या, लेकीला नकली रेशीम दिलं म्हणून. दीक्षालाही बोलावणं गेलं. ती ओशाळून आली, चूक आपली म्हणाली आणि फिल्टर हातात धरून समजावू लागली.

"काकू, कापडाचा दोष नाही. दोन्ही रेशीमच आहेत, रंगवायचा रंग वेगवेगळा आहे. एक काळा रंग ते किरण परत फेकते, दुसरा नाही फेकत. फिल्टर लावला की दोन्ही काळ्या दिसतीन."

सत्यवतीबाईंच्या मोबाइलवरचा स्वतःचा फोटो फिल्टरच्या कृपेने वीस वर्षांनी तरुण होता. त्यांना हा शब्द चांगला ठाऊक होता.

"म्हणजे फिल्टर लावला का लपते, अन् नाही लावला का खरं दिसते," त्या शांतपणे म्हणाल्या.

दीक्षाने पुन्हा फोटो काढले. दोघी सारख्याच काळ्या आल्या, पण ते कुणी धड पाहिलेही नाहीत. फिरत राहिला तो पहिलाच. सिंधूताई इरेला पेटल्या आणि त्यांनी आपली साडी सुनेला कायमची देऊन टाकली. वांगी रंगाची स्वतः ठेवली. नातेवाइकांत त्याचा अर्थ कबुलीजबाब असाच निघाला. श्वेताने साडी घेतली, सासूला नमस्कार केला आणि आईला फोन करून सांगितलं, की शेवटी दिली बाई खरी.

दीक्षाला सिंधूताईंची फार कीव आली. फिल्टर विसरलो आपण, आणि भोगलं त्या बाईने. आठवडाभराने त्यांचाच फोन आला तेव्हा ती शिव्या खायच्या तयारीनेच बोलली. सिंधूताई मात्र हळू आवाजात विचारत होत्या, तो जुना कॅमेरा घेऊन घरी कधी येतेस म्हणून. लग्नात सुशीलला सासरकडून काळा कोट आला होता, उंची लोकरीचा म्हणून.

दीक्षाने पुन्हा रंगाची, किरणांची सगळी हकिगत सांगितली. कोटाचं कापड असं ओळखता येत नाही, हेही सांगितलं. सिंधूताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते समजलं वं मले," त्या म्हणाल्या. "तू फक्त फिल्टर लावू नको."