गोणी माझ्यात का चढली नाही

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण मला नवे घर म्हणून विकले गेले. माझी खरी हकीकत विकणाऱ्याने लपवली आणि घेणाऱ्याला ती फार उशिरा कळली. जिला ती पहिल्याच दिवशी कळली होती, तिला बोलता येत नव्हते. म्हणून आज मीच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी एक साधी पांढरी मालवाहू व्हॅन होते. उंच टप, मागे दोन फळ्यांचे दार, आत मोकळी जागा. वाटले होते, माझ्यातून ब्रेड जाईल, औषधे जातील, निदान लग्नाच्या खुर्च्या तरी जातील. पण मला घेतले एका ठेकेदाराने. इंदूरपासून पुष्कळ लांबच्या एका गावात त्याला रस्त्यावरची कुत्री धरण्याचे काम मिळाले होते. कुत्री धरायची, पिल्ले होऊ नयेत म्हणून त्यांचे ऑपरेशन करवून घ्यायचे, कानाचे टोक कापून खूण करायची आणि पुन्हा त्यांच्याच गल्लीत नेऊन सोडायचे. काम वाईट नव्हते. तो ते करायचा ती रीत वाईट होती.

माझ्या तळाला बोल्ट ठोकून लोखंडी पिंजरे बसवले गेले. दोन कुत्री मावतील अशा पिंजऱ्यात पाच-पाच कोंबली जात. उन्हात मला तासन् तास उभी करून माणसे चहा प्यायला जात. आतली कुत्री थोडा वेळ भुंकत, मग एकदम गप्प होत. ती गप्प झाली की मला जास्त त्रास होई. भीतीने ती माझ्यातच घाण करत. सोडायच्या वेळी ड्रायव्हरला गल्ली आठवत नसे, म्हणून जिथे सोयीचे वाटे तिथे तो दार उघडत असे. अशी सहा वर्षे गेली. संध्याकाळी वरून पाइपाने पाणी मारले जाई, पण जे पत्र्याच्या सांध्यांत आणि तळाच्या लाकडात मुरले होते, ते तसेच राहिले.

ठेका संपला तसे मला एका भिंतीशी टाकून दिले. तिथून मला इंदूरला आणले अश्विनने. जुन्या गाड्या घेऊन त्यांचे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे राहते घर करायचे, हा त्याचा धंदा होता. हाताने फार कसबी माणूस. त्याने पिंजरे कापून काढले, भिंतींना लाकूड लावले, पलंग बसवला. पलंगाखाली कप्पे, एका बाजूला बेसिन, वर पाण्याची टाकी, शेगडीची जागा आणि दोन खिडक्या. तळ मात्र त्याने उखडला नाही. सुतार म्हणाला, "भिया, नीचे का लकडी सडलंय. वास मारतोय."

अश्विन म्हणाला, "ऊपर से नवा प्लाय टाक आणि मॅट चिकटव. उखडायला बसलो तर हफ्ता जाईल."

महिनाभराने मी इतकी देखणी दिसू लागले की येणारा-जाणारा थांबून बघे. लोक माझे फोटो काढत. आयुष्यात पहिल्यांदा माझे कौतुक होत होते. मला ते आवडले, हे मी कबूल करते.

मला बघायला दिनानाथ मुजुमदार आणि त्यांच्या पत्नी शालिनीताई असे दोघे आले. दिनानाथसरांनी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. नर्मदा कुठून निघते, कुठे वळते, कुठे समुद्राला मिळते, हे त्यांनी हजारो मुलांना फळ्यावर काढून दाखवले होते. स्वतः मात्र ओंकारेश्वराच्या पुढे गेले नव्हते. निवृत्तीनंतर अमरकंटकपासून निघून नदीच्या काठाकाठाने जायचे, घाई न करता, जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचा, असे त्यांनी ठरवले होते. शालिनीताईंची एकच अट होती. "गोणी येईल तर मी येईन. तिला कुणाकडे ठेवून मी कुठे जाणार नाही."

गोणी म्हणजे त्यांची कुत्री.

सरांनी अश्विनला विचारले, "आधी ही कशाला वापरत होते?"

"एका स्कूलमध्ये होती सर. टेबल-बेंच न्यायला. एकदम घरगुती गाडी."

शाळेचे नाव निघाले आणि सरांचा चेहरा खुलला. त्यांनी पुढे काही विचारले नाही. जुने कागद उलटून पाहिले असते तर ठेकेदाराचे नाव दिसले असते. पण त्यांना मी आवडले होते, आणि आवडलेल्या वस्तूचे कागद माणसे वाचत नाहीत.

इंदूरच्या राजेंद्र नगरात त्यांच्या घरासमोर मला हार घातला, नारळ फोडला. शालिनीताईंनी पोह्यांचा डबा, शेव, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला, चहाची भांडी माझ्या कप्प्यांत रचली. खिडक्यांना स्वतः शिवलेले पडदे लावले. मग त्यांनी गोणीला हाक मारली. ती शेपटी हलवत फाटकाबाहेर आली आणि माझ्यापासून चार पावलांवर थांबली. नाक वर केले. शेपटी पायांत गेली. मग तिने उभ्या जागीच लघवी केली.

सर म्हणाले, "नवीन आहे ना, घाबरली. होईल सवय."

लांबच्या प्रवासाआधी आठ दिवस जवळ कुठे राहून बघू, असे त्यांचे ठरले. इंदूरजवळच्या सांवेरला सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई, गंगूबाई, शेतावरच्या घरात राहत होत्या. त्यांच्या अंगणात मला उभे केले. समोर गहू पोटरीत आला होता. गोणीला तिथपर्यंत शालिनीताईंनी मांडीवर घेऊन, डोक्यावर पदर टाकून आणले. सारी वाट ती थरथरत होती. दार उघडताच तिने जी उडी मारली, ती थेट गोठ्यापाशी जाऊन थांबली.

पुढचे चार दिवस तसेच गेले. माझ्या पायरीवर तूप लावलेली पोळी ठेवत, तर ती मान लांब करून पोळी उचली आणि मागे सरके. तिची गोधडी पलंगाशी अंथरली, ती तिने बाहेरूनच पाहिली. रात्री शालिनीताई शाल पांघरून अंगणातल्या खाटेवर, तिच्याजवळ झोपत. सर एकटे माझ्या पलंगावर.

एका सकाळी भाजी निवडताना शालिनीताई गंगूबाईंना सांगत होत्या, तेव्हा मला गोणीची हकीकत कळली. ती इंदूरच्या सियागंज बाजारात एका दाण्याच्या दुकानाबाहेर पोत्यांवर झोपायची. शालिनीताई डाळी घ्यायला गेल्या की त्यांच्या पायाशी यायची. एकदा ती आठ दिवस दिसली नाही. परत आली तेव्हा एका कानाचे टोक कापलेले होते आणि ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. शालिनीताई दोन तास फुटपाथवर बसून राहिल्या. मग तिला रिक्षात घालून घरी आणले. पोत्यांवर सापडली म्हणून सरांनीच तिचे नाव गोणी ठेवले.

मित्रांनो, तिला नेणारी गाडी मी नव्हते. मी तेव्हा त्या शहरात नव्हतेच. पण माझ्या तळाशी जे मुरले होते, त्यात तिच्यासारख्या शेकडो कुत्र्यांची भीती होती. माणसांना येत होता नव्या लाकडाचा आणि रंगाचा वास. तिला सगळेच वास येत होते. ती माझ्या दाराशी थांबून जे सांगत होती ते मला कळत होते. पण मला हॉर्न आणि इंजिन सोडून आवाजच नव्हता.

पाचव्या दिवशी सरांचा धीर संपला.

"वेगळं काय मागतोय मी? घरात बसते तसं इथं बसायचं," ते म्हणाले.

"तिला नको वाटतंय अहो."

"तिला नको वाटतं म्हणून मी अमरकंटक सोडू? एकतीस वर्षं मी पोरांना वळण लावलं. एका कुत्रीला दोन दिवसांत लावेन."

"ती तुमच्या वर्गात नाही," शालिनीताई म्हणाल्या, आणि दूध आणायला गंगूबाईंबरोबर वस्तीवर निघून गेल्या.

त्या वळणाआड गेल्या तसे सर उठले. गोणीला साखळी लावली, उचलून माझ्यात घेतले, साखळी पलंगाच्या पायाला अडकवली आणि दार लावले. "आता बस. काही होत नाही. बघ, मी आहे ना इथं."

ती आधी ओरडली नाही. तिने खाली नाक लावले, आणि मग जमीन उकरू लागली. नखे तुटली, मॅट फाटली, रक्ताचे ठिपके पडले. सर तिला धरायला वाकले तर तिने त्यांच्या मनगटाला चावा घेतला. सरांनी पायातली चप्पल काढली. एकदा, दोनदा, मग किती वेळा ते त्यांनाही कळले नसावे. ती घरी आल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. शेवटी ती भुंकायची थांबली आणि भिंतीला चिकटून गप्प झाली. ती शांतता मी सहा वर्षे ऐकली होती.

सर घामाघूम होऊन पलंगावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी साखळी सोडली आणि दार उघडले. गोणी गव्हात शिरली आणि दिसेनाशी झाली.

दोन दिवस ती सापडली नाही. शालिनीताई बांधाबांधाने हाका मारत फिरल्या. तिसऱ्या दिवशी गंगूबाईंना ती शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरखाली दिसली. सर पुढे झाले तशी ती आणखी आत सरकली. शालिनीताईंनी जमिनीवर बसून हात पुढे केला, तेव्हा पोटावर सरपटत आली. शालिनीताईंनी सामान वाहणारी एक लोडिंग रिक्षा ठरवली, मागे उघड्यावर गोणीला मांडीवर घेऊन बसल्या आणि इंदूरला निघून गेल्या. त्यांची शाल माझ्या पलंगावरच राहिली.

सर मागे राहिले. फाटलेली मॅट त्यांना बघवेना, म्हणून दुपारी ती उचकटायला बसले. मॅटखालचा प्लाय उचलला आणि भपकारा आला. त्यांनी नाकाला रुमाल लावला. खाली काळे पडलेले लाकूड होते, कापलेल्या बोल्टांच्या रांगा होत्या, आणि गंजात अडकलेले केस, पिवळे, काळे, पांढरे. दारात गंगूबाई उभ्या होत्या.

"सर, ही तर कुत्ते पकडने की गाडी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे पण येते ना. असेच पिंजरे असतात."

सरांनी तिथेच बसून अश्विनला फोन लावला. त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"तू शाळेची गाडी म्हणालास."

"सर, गाडी चालतेय ना? इंजन में कोई दिक्कत?"

"मी तुला विचारलं होतं."

"हो सर. मतलब, खरं सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का?"

सरांनी फोन ठेवला. रक्ताचे ठिपके पडलेली मॅट त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली. मग मला घेऊन घरी आले.

शालिनीताई ओट्यावर बसल्या होत्या, गोणी त्यांच्या मागे. सरांनी फाटकाबाहेर उभे राहूनच सगळे सांगितले. पिंजऱ्यांचे, केसांचे, अश्विनचे. त्यांना वाटले असावे की आता त्या दोघी आपल्याला माफ करतील. शालिनीताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"खोटं तो बोलला," त्या म्हणाल्या. "चप्पल तुम्ही काढली."

त्यानंतर सरांनी माझा सगळा तळ स्वतः उखडला. लाकूड जाळले, पत्रा घासून घासून पांढरा केला, नवा तळ बसवला. तीन महिने लागले. त्यांच्या हातांची सालटी निघाली. आता माझ्यात कसलाच वास नव्हता, हे मी खात्रीने सांगते. एक दिवस गोणी स्वतःहून आली, माझी पायरी हुंगली, पुढचे दोन पाय वर ठेवले. मग आत बसलेले सर तिला दिसले. तिने पाय खाली घेतले आणि मुकाट्याने घरात गेली.

त्याच आठवड्यात सरांनी मला विकायला काढले. जो येई त्याला ते चहाआधीच सांगत, "ही कुत्री धरायची गाडी होती. मला माहीत नव्हतं. आणि हिच्यात मी माझ्या कुत्रीला चपलेनं मारलंय." लोक अवघडून एकमेकांकडे बघत आणि पुन्हा येत नसत. शालिनीताई आतून ऐकत, पण बाहेर येत नसत. शेवटी निखिल आणि पूर्वा नावाचे जोडपे आले. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे कुत्राच नाही." त्यांनी मला घेतले.

मी निघाले तेव्हा शालिनीताई आणि गोणी फाटकाशी उभ्या होत्या. वळणाआधी मला आरशात दिसले, माझ्या चाकाला लावलेली वीट रस्त्यात राहिली होती, ती उचलायला सर खाली वाकले. त्यांचा हात खाली जाताच गोणी अंग चोरून शालिनीताईंच्या मागे गेली. सर वीट हातात घेऊन तसेच थांबले. शालिनीताई तिला घेऊन आत गेल्या.

आता मी नर्मदेच्या काठाने फिरते. अमरकंटकही पाहिले. निखिल आणि पूर्वा मला धुतात, पुसतात, माझे कौतुक करतात. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू कुणाला द्याल तेव्हा तिचे खरे सांगून द्या. आणि एखादे मुके जनावर तुमच्या दाराशी येऊन थांबले, काही केल्या आत येईना, तर त्याला ओढू नका. आधी वाकून आपलीच जमीन तपासा. सरांनी ती तपासली, पण चप्पल काढल्यानंतर.