हनोईची लाइन

"जयभीम, आई."

"जयभीम, बापा," सिंधूताई म्हणाल्या आणि फोनकडे बघतच राहिल्या. आज दोन जयभीम एकमेकांवर आदळले नव्हते.

एरवी नागपुरात जरीपटक्यातल्या त्यांच्या गच्चीवर नुसती गंमत असायची. लेक प्रशिक कंपनीच्या यंत्रांमागे देशोदेशी फिरणारा, सध्या हनोईत, आणि सिमकार्ड हॉलंडचं. त्यामुळे हनोईत बोललेला शब्द आधी हॉलंडला हजेरी लावणार, मग नागपूरला येणार. सिंधूताई प्रश्न विचारायच्या, तुरीच्या डाळीतले दोन खडे वेचायच्या, तेव्हा कुठे उत्तर टपकायचं. डोळे मिटले की त्यांना तो आवाज समुद्रावरून, ढगांमधून चालत येताना दिसायचा. "दमते बिचारा," त्या म्हणायच्या. आणि घरी कधी येतो, याचं उत्तर इतक्या वर्षांत आलंच नाही. तेही असंच वाटेत कुठं राहिलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

त्यांची मुलगी दीक्षा या वळशांचंच काम करायची. परदेशी मोबाइल कंपन्यांसाठी तिची टीम रोमिंगचे रस्ते आखायची. आता त्यांनी क्लाउडवर, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर, दारं उघडली होती. हॉलंडचा वळसा संपला. हनोईचा शब्द सिंगापूरच्या दारातून थेट इकडे. आजच सुरू झालं होतं, त्यामुळे आईशेजारी बसलेली दीक्षा सकाळपासून हवेत तरंगत होती.

"काय जेवला गा?"

"भात, मासोळी."

"बारीक काहून झाला?"

"कॅमेराच तसा आहे, आई."

उत्तरं पटापट येऊ लागली. सिंधूताईंचा हात डाळीवर तसाच थांबला. कोवळं ऊन होतं, आणि पोरगं जणू पलीकडच्या खोलीतून बोलत होतं. त्यांनी धीर केला.

"आता सांग बापा, घरी कधी येतो?"

लाइन इतकी स्वच्छ, की उत्तराऐवजी त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, खालून गेलेली स्कूटर, आणि मग प्रशिकनं मागे सरकवलेली खुर्ची. हे न येणारं उत्तर आपणच आईच्या कानापर्यंत आणलं, असं दीक्षाला वाटलं.

"आई, मी..."

"राहू दे, राहू दे," सिंधूताई घाईनं म्हणाल्या. "तुहा आवाज तुटून राहिला. मंग बोलू."

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

"लाइन खराबच आहे ना वं, दीक्षा?"

"हो, आई," दीक्षा म्हणाली. "अजून काम बाकी आहे."