लाल चिंधीचे हेड

मी एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले आहे, मित्रांनो. कुमासी शहरात, सुआमेच्या गॅरेजांच्या गल्लीत, दुफीच्या खाणावळीत माझ्यात रोज भात शिजतो. पण मी जन्मापासून पातेले नाही. मी एका जुन्या फ्रेंच मोटारीच्या इंजिनाचे हेड, म्हणजे इंजिनावरचे जड झाकण, होतो.

दुफीचा नवरा अंतोब्रे मला जिवापाड जपायचा. रविवारी चर्चला निघताना आधी मला पुसायचा, मग स्वतःचे बूट. तो गेला आणि मोटार अंगणात बंद पडून राहिली. आमच्याकडे पुरुषाची मिळकत त्याच्या आईच्या घराण्याकडे जाते. त्याचा मामा दुफीला म्हणाला, "सूनबाई, चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गाडी चालवत गावी आणलीस तर तुझी. ढकलत आणलीस तर आमची. भंगारात काढू."

ती मोटार भाड्याने लावून दुफीला पोट भरायचे होते. शिवाय तिच्या माणसाची तेवढीच एक खूण उरली होती. तिने इंजिन बोआदू फिटरकडे नेले. माझे काळवंडलेले अंग बघून त्याने बाजारातून दुसरे हेड आणून माझ्या शेजारी ठेवले. बाहेरून आम्ही जुळे भाऊ, पण ते चकचकीत.

"हेच लावा," दुफी लगेच म्हणाली.

"वहिनी, मुलगी बघायला आलात का? हेड रंगावरून नाही निवडत." बोआदूने नवे गॅस्केट, म्हणजे हेडखाली बसणारा भोकांचा पातळ पत्रा, त्याच्यावर ठेवले. पाण्याची दोन भोके झाकली गेली. "हे धाकट्या इंजिनाचं. पाणी फिरणार नाही, चढावर उकळेल." मग गॅस्केट माझ्यावर ठेवले, सगळी भोके उघडी राहिली. माझ्यात रॉकेल ओतून बघितले, थेंबही गळला नाही. त्याने दुफीचे बोट धरून माझ्या कडेच्या ओतीव नंबरावरून फिरवले. "हेच अंतोब्रेचं. म्हातारं आहे, पण खणखणीत." माझा ऊर भरून आला.

बोआदू बोल्ट आणायला गेला. गॅरेजातल्या सुट्या भागांच्या ढिगाऱ्यात मी हरवेन या भीतीने दुफीने आपल्या सुतकाच्या लाल कापडाची चिंधी फाडून मला बांधली आणि ती घरी गेली. बिचारीला माहीत नव्हते, सुआमेत लाल चिंधी म्हणजे बाद माल. पातेली ओतणाऱ्या भट्टीचा गाडीवान रोजच्यासारखा बाद माल न्यायला आला, चिंधी बघून त्याने मला उचलले. तो चोर नव्हता. मला ओरडावेसे वाटत होते, पण हेडला कुठला आवाज! भट्टीत आधी ती चिंधी जळाली, मग मी वितळलो.

पुढचे मी दुफीच्याच तोंडून ऐकले. चोरी झाली म्हणून तिने आणि बोआदूने कपाळाला हात लावला. तिने चिंधीचे सांगितले नाही, त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशीच चाळिसावा होता.

"ते चकचकीतच बसवा," दुफी म्हणाली.

"वहिनी, पोचणार नाही."

"नाही बसवलं तर निघणारसुद्धा नाही!"

गावाच्या चढावर इंजिन उकळले. वाफेच्या लोटात मोटार थांबली, आणि वर मामा उभा होता. मोटार गेली. दुफीने या गल्लीत खाणावळ काढली, आणि भट्टीवाल्याकडून घेतलेल्या पातेल्यांत नेमका मी आलो.

काल तोच गाडीवान जेवायला बसला होता. दुफी बोलता बोलता म्हणाली, "इथूनच गेलं हो माझ्या माणसाचं हेड. लाल चिंधीसुद्धा बांधली होती मी त्याला."

त्याचा घास हातातच राहिला. "चिंधी तुम्ही बांधली होती, मावशी? लाल म्हणजे आमच्याकडे बाद. मग ते मीच उचललं."

"कुठे आहे ते?"

त्याने चुलीकडे बघितले. "झालं असेल एखादं पातेलं."

मित्रांनो, जीव लावलेल्या वस्तूवर खूण करताना, त्या खुणेला तिथले लोक काय समजतात ते आधी विचारा. आणि बाद म्हणून काही उचलताना मालकाला एक हाक मारा. एका हाकेने मी वाचलो असतो.

संध्याकाळी दुफीने भांडी घासली. माझ्यापाशी ती थांबली आणि माझ्या कडेवरून तिने हळूहळू बोट फिरवले, सगळीकडून, पुन्हा पुन्हा. तो नंबर आता तिथे नव्हता.