खांबाजवळून दिसणारं अर्धं मैदान

"धरा ही वीणा, आन् इथनं बघा," रखमाजी म्हणाला.

मारुतराव चपापले. दौंड-शिरूरच्या पोरांचा हॉकी क्लब त्यांच्या जिवावर चालायचा. देवळात ते रखमाजीचं मत विचारायला आले होते, वीणा धरायला नव्हे. पण दौंडच्या या विठ्ठलमंदिरात वीणा अखंड उभी असते. तिला खाली टेकवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मारुतरावांनी टोपी सारखी केली. दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि वीणा मारुतरावांच्या गळ्यात आली.

रखमाजीने नोकरीभर रेल्वेच्या डब्यांत पाणी भरलं. रिटायर झाल्यावर त्याने वीणेचा संध्याकाळचा पहारा मागून घेतला. देवाची सेवा तर खरीच, पण या खांबाजवळून हॉकीचं मैदानही दिसतं. अर्धंच. उरलेलं अर्धं धर्मशाळेच्या भिंतीआड.

"रविवारी रेल्वेचं सायेब टीमसाठी पोरगं निवडाया यायचं हाय," मारुतराव म्हणाले. "एकच नाव पुढं करायचं. शिरूरचा इंद्रजीत, का आपला मुजीब? कमिटीत दोन-दोन झालं. आता माझ्या मतावर आलंय, म्हणून तुमाला इचारतो, आबा."

"मुजीब."

"आवं, इंद्रजीतचं गोल भिंतीपल्याड व्हत्यात, तुमाला दिसत्यात कुठं? तुम्ही अर्ध्या मैदानाचं मास्तर!"

"म्हणून तर म्हणतो, बघा. रेल्वेत न्हाई घेतला तर पोरगं एक तारखेला सणसवाडीच्या कंपनीत चाललंय. त्याच्या आईनं, लालबीनं, खोलीसुदिक बघून ठिवलीय. मग काठी कायमची माळ्यावर."

मैदानावर क्लबचा सराव सामना चालू होता. चेंडू भिंतीआड गेला, त्याच्यामागे सगळी धावली. दिसणाऱ्या अर्ध्यात उरले दोघे. गोलकीपर पॅडचा पट्टा आवळत होता. मुजीब मात्र थांबला नव्हता. दोन पावलं डावीकडे, एक मागे, जरा दम, पुन्हा उजवीकडे. न दिसणाऱ्या चेंडूला दोरी बांधून तिचं टोक कुणी त्याच्या कमरेला अडकवावं, तसा तो हलत होता. आणि ओठ पुटपुटत होते.

"काय बोलतंय ते?" मारुतरावांनी मान पुढे काढली.

"मलाबी लई दिस तेच कोडं. वाटलं, अल्लाचं नाव घेतंय. मग इचारलंच. तर म्हणतंय, पोरांची नावं घेतो आबा. कोण कुठवर पोचला आसंल त्याची. नाव घेतलं की त्यो मला दिसतो." रखमाजीचा चेहरा उजळला. "नाव घ्या, मग दिसंल, हे सांगू सांगू आमचं बुवा दमलं. आन् हे पोरगं बघा!"

तेवढ्यात चेंडू सुसाट भिंतीबाहेर आला, मागोमाग समोरच्या संघाचे तिघं. मुजीब चेंडूच्या वाटेवर आधीच उभा होता. काठी आडवी झाली, चेंडू तिथंच निजला. पुढच्या क्षणी वर न बघताच त्याने तो मोकळ्या जागेत ढकलला आणि भिंतीआडून एक पोरगा नेमका तिथं येऊन पोचला. चेंडू पुन्हा पलीकडे गेला. आरोळी उठली.

"गोल! इंद्रजीत! इंद्रजीत!"

"ऐका," रखमाजी म्हणाला. "कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबत्यात, तवा चाल मागचं टाळकरी धरून ठिवत्यात. पर लोक घरी जाताना बुवांचंच नाव घेत्यात. घ्यावंच. पर म्हंजी मागं कोण नव्हतं व्हय?"

 मारुतरावांचं बोट वीणेच्या तारेवर नुसतंच टेकलेलं होतं.

"दिसलं मला, आबा. खरंच दिसलं." मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "पर सायेब बसणार त्या टोकाला, मांडवात. त्यांना ह्या खांबापाशी कसं आणू? त्यांना गोल दिसणार. मुजीबला धाडला आन् त्यांनी घटकाभरात परत लावला, तर एकबी पोरगं लागणार न्हाई."

"मग तुमचं मत?"

मारुतरावांनी वीणा परत दिली. पाया पडताना ते जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

"इंद्रजीत."

"बरं," रखमाजी म्हणाला. "एवढं करा, मुजीबला तुम्ही सोता सांगा. दुसऱ्याच्या तोंडनं नगं."

मारुतराव भिंतीकडे चालू लागले.

इंद्रजीतला रेल्वेने घेतलं. क्लबने पेढे वाटले. रखमाजीने पेढा आधी देवापुढे ठेवला, मग खाल्ला. गोड लागला. पोरगं चांगलंच होतं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मुजीब देवळाच्या खांबालगतच्या पायरीवर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर ग्रीसचा डाग.

"सलाम, आबा."

"राम कृष्ण हरी. आज सुट्टी?"

"व्हय. गुरुवारी तिकडं लाईट नसती."

"आन् हॉकी?"

"तिकडं मैदान कुठलं, आबा!" तो हसला.

"बस की."

तो बसला नाही. मैदानावर नवा पोरगा त्याच्या जागी काठीला रेलून उभा होता. चेंडू भिंतीआड गेला. आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता.

मुजीब पायरीवर दोन पावलं डावीकडे सरकला. एक मागे. त्याचे ओठ हलू लागले.

पायरी अरुंद होती. रखमाजीने वीणा छातीशी घेतली आणि खांबाला चिकटून त्याला जागा करून दिली.