सेनापतीची करंगळी

परांचीच्या वरच्या फळीवर पोचेपर्यंत म्हातारीला तीनदा बसावं लागलं. वर मिस्त्री सेनापतीच्या पुतळ्याच्या उजव्या हाताशी उकिडवा बसून करवत चालवत होता.

“आजी, काय हे! पडलात तर मला आत टाकतील.”

“आधी ते थांबव.”

करवत थांबली. तलवारीच्या मुठीवरची वाकडी करंगळी अर्धी कापून झाली होती.

“कोणाची आहे, ठाऊक आहे?”

“सेनापतींची नाही, एवढं कळलंय. सगळ्या फोटोंत हातमोजे. आता एक बिनमोज्यांचा सापडलाय. बोटं छडीसारखी सरळ. साहेब म्हणाले, बदला.”

“आमच्या ह्यांची आहे,” म्हातारी म्हणाली आणि फळीवर टेकली.

हा पुतळा ओतला त्या ओतशाळेत तिचा नवरा कामाला होता. शिल्पकाराला नमुन्यासाठी हात मिळेना, तेव्हा त्याने समोर दिसला त्यालाच उभं केलं. एकोणीस दिवस, मुठीत लोखंडी कांब धरून. करंगळी होती तशी उतरली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरातल्या एकुलत्या फोटोत नवऱ्याने नेमके डोळे मिटले होते. म्हणून तो गेल्यापासून बाजाराला निघालं की ती एक थांबा आधी, या चौकात उतरायची आणि मान वर करून बघायची.

“नातीने अर्ज लिहून दिलाय,” तिने पिशवीतून कागद काढला. “करंगळी राहू द्या म्हणून.”

“मग खाली साहेबांना द्या की. अर्ज आला की काम थांबतं. ही फट मी झाळून देतो, कळणारसुद्धा नाही. मग काय, शंभर वर्षं मूठ सुटायची नाही.”

म्हातारीने त्या हाताकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मनगटावरच्या शिरा ताठलेल्या होत्या. त्या एकोणीस संध्याकाळी नवरा घरी यायचा तो मूठ आवळूनच. ती कोमट तेल लावून एकेक बोट उलगडायची. करंगळी सगळ्यात शेवटी सुटायची. “सोडा आता,” ती म्हणायची, “संपली लढाई.”

खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“अर्जाचं काय करताय, आजी?”

“काप,” ती म्हणाली. “पण हळू.”

मिस्त्रीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि करवत उचलली. तुकडा हातात आला तेव्हा तो म्हणाला, “कशात देऊ? चटका बसेल.”

तिने अर्ज पुढे केला.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. चौक मागे पडला तरी तिने मान वळवली नाही. मांडीवरच्या पुडीत तिचा अंगठा मात्र सावकाश, वरून खाली, फिरत होता.